हार्ड अ‍ॅनोडायझिंग की इलेक्ट्रोलेस निकेल?

वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत पॅकिंग यंत्रांचे अ‍ॅल्युमिनियमचे भाग बनवताना आम्ही हार्ड अ‍ॅनोडायझिंग (आम्लात वीज सोडून अ‍ॅल्युमिनियमवर तयार केलेला कठीण ऑक्साइडचा थर) आणि इलेक्ट्रोलेस निकेल (विजेशिवाय, रासायनिक द्रावणातून चढवलेला निकेलचा थर) हे दोन्ही लेप वर्षानुवर्षे वापरले आहेत. पावडर कोटिंगचा विचार मी येथे करत नाही. साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा तो थर गार्ड आणि कव्हरला ठीक, पण फिटिंगच्या मापांना चालत नाही.

घासून झिजणाऱ्या भागांसाठी हार्ड अ‍ॅनोडायझिंगला तोड नाही. शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवलेल्या गंधकाम्लात हा थर मूळ धातूपासूनच तयार होत असल्यामुळे तो पापुद्र्यासारखा सुटत नाही, आणि आमच्या एचई-३० या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूच्या स्लाइड (सरकणारे भाग) त्यावर निर्धास्त चालतात.

त्रास होतो तो आट्यांचा, म्हणजे स्क्रू बसणाऱ्या भोकांतल्या पेचांचा. थराची साधारण निम्मी जाडी मूळ पृष्ठभागाच्या बाहेर वाढते. म्हणजे ५० मायक्रॉनच्या थराने बोअरचा (गोल भोकाचा) व्यास जवळपास तेवढाच घटतो, आणि ६० अंशांच्या आट्यांत पिच व्यासावर (आट्याच्या साधारण मध्यावर मोजलेल्या व्यासावर) बाहेरच्या वाढीच्या चौपट, म्हणजे १०० मायक्रॉनचा फरक पडतो. लेपाआधी एम-६ च्या (६ मिमी स्क्रूच्या) भोकात बोटांनी फिरणारा गो-गेज (आटे तपासायचा मापक) नंतर दुसऱ्या आट्यालाच अडतो. पुन्हा टॅप (आटे पाडायचे हत्यार) मारावा तर टॅपची धार जाते आणि आतला धातू उघडा पडतो. लेपाच्या वेळी भोकांना बुचे लावावीत तर एखादे बूच जरा सैल बसले तरी आम्ल आत झिरपून नेमके तोंडाचे आटे आवळतात. दहा-बारा भोकांच्या प्लेटवर हे काम करताना कारागिराचा जीव मेटाकुटीला येतो.

इलेक्ट्रोलेस निकेलचा थर सगळाच बाहेर चढतो, हे खरे. परंतु त्याला विजेची गरज नसल्यामुळे कडेला आणि भोकाच्या आत तो सारखाच बसतो, व दहा-बारा मायक्रॉनमध्ये काम भागत असल्याने तेवढी सूट मशीनिंगमध्येच ठेवता येते. कॉस्टिक सोड्याने धुतल्या जाणाऱ्या भागांवर अ‍ॅनोडायझिंग विरघळते, निकेल टिकते. मात्र त्याचा खर्च अधिक आहे, आणि झिंकेटची (आधी जस्ताचा पातळ थर देण्याची) पूर्वप्रक्रिया नीट झाली नाही तर फोड येतात. शिवाय खोल ओरखडा धातूपर्यंत गेला तर ओलाव्यात निकेलखालचे अ‍ॅल्युमिनियम अधिक वेगाने गंजते.

म्हणून केवळ घर्षण सोसणाऱ्या भागाला मी आजही हार्ड अ‍ॅनोडायझिंगच सुचवेन. पण टॅप केलेली भोके किंवा बेअरिंगची बसवणी असेल, तर माझ्या मते निकेलचे जादा पैसे मोजणे परवडते. लेप कोणताही घ्या, ड्रॉइंगवरचे माप लेपाआधीचे की नंतरचे, हे मात्र प्लेटरला (लेप चढवणाऱ्याला) लेखी कळवावे.