कर्जात अडकलेल्यांनी या वकीलबाईंकडे जावं

शहापुरात माझं शिलाईचं दुकान. धंदा बसला, घेणेकरी दारात आले. मशीनही नेतील या धास्तीनं बायकोला झोप नव्हती. बेळगाव कोर्टाजवळच्या या बाईंनी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० मराठीतून नीट समजावलं: कारागिराची हत्यारं, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही. ऐकून बायकोनं त्याच संध्याकाळी मशीनला तेल घातलं.

दिवाळखोरीचा अर्ज अजून १९२० च्या कायद्यानंच चालतो. तारखांवर तारखा पडतात. फी मात्र हप्त्यानं घेतली, फार मोठा आधार झाला. सिबिलचा वर्षातून एकदा मिळणारा फुकट रिपोर्टही काढून दिला. उधारी बंद, अस्तर-बटणं रोखीनंच आणतो. बाई फोन उचलत नाहीत, संध्याकाळी प्रत्यक्षच जा.