सरकारी आकडेवारीची सेवा: मराठवाड्यात बसून वापरली तर किती कामाची?

12 नोव्हेंबर 2025 ला केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयानं ऑक्टोबरचा किरकोळ महागाई दर जाहीर केला: 0.25 टक्के. 2012 पायाभूत वर्षाच्या (म्हणजे ज्या वर्षीचे भाव 100 धरतात त्या वर्षाच्या) मालिकेतला हा सगळ्यात खालचा आकडा. अन्नपदार्थांचा दर तर उणे 5.02. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत मराठवाड्यातलं सोयाबीन पाण्याखाली गेलं होतं, कुठं कुठं तर जमीनच खरवडून गेली होती. त्यामुळं मोंढ्यात या आकड्याची टिंगल झाली नसती तरच नवल.

पण आकडा चुकलेला नव्हता. ग्राहकानं दुकानात किती मोजले, तेवढंच तो सांगतो. शेतकऱ्याच्या पट्टीवर काय पडलं, हे त्याला विचारायचंच नसतं. डाळ, कांदा, टोमॅटो उत्पादकाच्या हातून पडेल भावानं गेले की महागाई निर्देशांक खूश होतो. सरकारी आकडेवारी ही फुकट मिळणारी सेवा आहे आणि बऱ्याच अंशी नीट चालवलेली आहे. मात्र प्रत्येक मालाच्या पोत्यावर काय लिहिलंय ते वाचूनच उचलावा. इथं परीक्षण आहे ते लातूर, हिंगोली, बीडकडून बघणाऱ्या वापरकर्त्याच्या सोयीनं.

सगळ्यात चांगला माल म्हणजे ग्राहक किंमत निर्देशांक, ज्यावरून वरचा किरकोळ महागाई दर निघतो तो. दर महिन्याच्या 12 तारखेला, आता दुपारी 4 वाजता, आधीच्या महिन्याचा आकडा येतो. तारीख सहसा चुकत नाही, हे पहिलं कौतुक. फेब्रुवारी 2026 पासून मालिका नवी आहे. पायाभूत वर्ष 2024, आणि वस्तूंची वजनं, म्हणजे घरखर्चातले वाटे, 2023-24 च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीवरून काढलेली. जुन्या टोपलीत 299 वस्तू होत्या, नव्या टोपलीत 358. व्हीसीआर, टेपरेकॉर्डर गेले, हे उशिरा का होईना बरं झालं. अन्न व पेयांचं वजन सुमारे 46 टक्क्यांवरून 37 च्या आसपास उतरलं. म्हणजे भाजी महाग झाली की एकूण आकडा पूर्वीइतका उसळणार नाही, आणि स्वस्त झाली तर तितका बसणारही नाही. जुन्या मालिकेत ग्रामीण भागासाठी घरभाडं मोजतच नव्हते, नव्या मालिकेत ते आलं. तालुक्याच्या गावात शिक्षक, नर्स, बँकवाले भाड्यानंच राहतात, तेव्हा ही दुरुस्ती रास्तच.

भाव गोळा करायची पद्धत साधी आणि कडक असते. ठरलेलं दुकान, ठरलेली प्रत, ठरलेलं माप. गेल्या महिन्यात ज्या दुकानात ज्या प्रतीची तूरडाळ किलोवर लिहिली, तीच या महिन्यातही लिहायची. पुडा 200 ग्रॅमवरून 180 ग्रॅमचा झाला आणि किंमत तीच राहिली, तर ग्रॅममागचा भाव वाढलेला धरायचा. गडबड होते ती प्रत बदलल्यावर. नेहमीचा माल दुकानात नसेल तर दुसरा घ्यावा लागतो, आणि दोन प्रतींतला भावफरक महागाई म्हणून मिसळू नये याची काळजी घ्यावी लागते.

आता उणी बाजू. निर्देशांक देशाचा मिळतो, राज्याचा मिळतो, त्यात ग्रामीण, शहरी आणि एकत्रित असे भाग मिळतात. विभागाचा नाही, जिल्ह्याचा नाही. 'महाराष्ट्र, एकत्रित' हा स्तंभ उचलला की मुंबई-पुण्याच्या खर्चाचं वजन गळ्यात पडतं. परभणीच्या माणसानं त्यापेक्षा 'महाराष्ट्र, ग्रामीण' बघावा; तोही विदर्भ-कोकणासकट असतो, पण अंतर कमी पडतं. औद्योगिक कामगारांचा वेगळा निर्देशांक श्रम ब्युरो काढतो आणि महागाई भत्ता त्यावर ठरतो. त्याची महाराष्ट्रातली केंद्रं मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर. वाळूजला एवढे कारखाने असून मराठवाड्यातलं एकही नाव त्यात नाही, हे खटकतंच.

आकडे उतरवून घ्यायला मंत्रालयाचं ई-सांख्यिकी पोर्टल आहे, जून 2024 पासूनचं. आधी पायाभूत वर्ष निवडायचं, मग राज्य, मग ग्रामीण की शहरी, मग गट आणि महिने. तक्ता एक्सेलमध्ये उतरतो. इथं तीन चुका हमखास होतात. पहिली, 2012 आणि 2024 च्या मालिका एकाखाली एक चिकटवणं. दोन्हींचे 100 वेगळे; जोडगुणक (एका मालिकेचा आकडा दुसरीच्या पायावर आणणारा गुणक) लावल्याशिवाय तुलना करता येत नाही. दुसरी, ताज्या महिन्याचा आकडा तात्पुरता असतो, नंतर त्यात थोडा बदल होतो, हे विसरणं. तिसरी सगळ्यात जुनी: अंक आणि टक्के यांची गल्लत. निर्देशांक 180 वरून 189 झाला तर वाढ 9 अंकांची, पण महागाई 5 टक्के.

तिसरीचीच चुलतबहीण म्हणजे पायाचा परिणाम. समजा एखादी डाळ 100 रुपयांवरून 170 वर गेली आणि पुढच्या वर्षी 119 वर आली. त्या वर्षी तिची महागाई उणे 30 टक्के छापून येईल. घरात मात्र ती दोन वर्षांपूर्वीपेक्षा 19 रुपयांनी महागच शिजतेय. म्हणून कुठलाही दर बघताना दोन वर्षं मागचा निर्देशांक शेजारी ठेवावा.

जिल्ह्याचा आकडा नाही म्हणून हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. घरचा निर्देशांक वहीत निघतो, आणि तीच रीत सरकारही वापरतं: पायाभूत काळातला खर्च वजन म्हणून धरायचा. उदाहरणासाठी 16,000 रुपये महिना खर्चाचं घर घेऊ. धान्य-डाळी 2,400, तेल 1,200, भाजी-दूध-फळं 3,400, गॅस-वीज 1,600, भाडं 2,000, शाळा-शिकवणी 2,200, दवाखाना 1,000, पेट्रोल-एसटी 1,200, बाकी 1,000. वर्षभरानं भाव असे बदलले समजा: धान्य-डाळी 10 टक्के उतरल्या, तेल 20 टक्के चढलं, भाजी-दूध 5 टक्के उतरलं, गॅस-वीज जागेवर, भाडं 10, शिकवणी 12, दवाखाना 8, प्रवास 5 आणि बाकी 5 टक्के वर. प्रत्येक रकमेला तिच्या बदलानं गुणून बेरीज केली की 16,484 येते. घरची महागाई 3 टक्के. नुसत्या टक्क्यांची सरासरी काढली असती तर 5 आली असती, कारण तेलाच्या 1,200 रुपयांना भाजी-दुधाच्या 3,400 इतकंच महत्त्व दिलं गेलं असतं. पंचायत समितीच्या टिपणांपासून वर्तमानपत्रांपर्यंत ही चूक सर्रास दिसते. भाव दर महिन्याला एकाच दुकानात, एकाच आठवड्यात लिहावेत. सणाच्या तोंडावर एकदा आणि एरवी एकदा लिहिले तर निर्देशांक नव्हे, दिवाळी मोजली जाते.

भावासाठी कृषी पणन मंडळाचं संकेतस्थळ उपयोगी आहे, आणि मराठीत आहे ही मोठी सोय. बाजार समितीनिहाय आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर रोज मिळतात, क्विंटलमागे. सर्वसाधारण दर म्हणजे ज्या भावात जास्त माल गेला तो, सरासरी नव्हे. आवकेचा रकाना बघितल्याशिवाय भाव वापरू नये; पाच क्विंटल आवकेच्या दिवशीचा भाव आणि पाच हजार क्विंटलचा भाव एका पंगतीत बसत नाहीत. शिवाय हा घाऊक भाव. तूर 7,500 रुपये क्विंटल असेल आणि क्विंटलला 72 किलो डाळ पडली, तर नुसत्या कच्च्या मालाचेच किलोला 104 रुपये होतात. मिलची भरडाई, बारदाना, वाहतूक, दुकानदाराचा नफा त्यावर. 75 रुपयांची तूर आणि सव्वाशेची डाळ बघून व्यापाऱ्याला शिव्या देण्याआधी हा उतारा तपासावा. चुनी-भुशीचे पैसे मिलवाल्याला सुटतात, तेही हिशेबात धरावेत.

विकासदराचा माल वेगळ्या दुकानातला. जीडीपीचे त्रैमासिक आकडे फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरच्या अखेरीस येतात आणि फेब्रुवारी 2026 पासून त्याचंही पायाभूत वर्ष 2022-23 झालं. देशासाठी हा आकडा लागतोच. जिल्ह्यासाठी बघायचं तर राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडं जावं लागतं. अर्थसंकल्पाच्या आधी येणाऱ्या आर्थिक पाहणीत जिल्हानिहाय दरडोई उत्पन्नाचा तक्ता असतो. तो काढून घ्यावा, पण सांभाळून वापरावा.

शेतीचा भाग जिल्ह्यात खरोखर मोजला जातो: पिकाखालचं क्षेत्र, पीक कापणी प्रयोगातून निघालेली उत्पादकता आणि हंगामातले भाव. सेवा क्षेत्राचं बरंचसं उत्पन्न मात्र राज्याच्या आकड्यातून निरनिराळ्या निर्देशकांवर जिल्ह्यांना वाटून दिलेलं असतं. म्हणजे हिंगोलीच्या आकड्यातला एक हिस्सा हिंगोलीत मोजलेला नाही, हिंगोलीच्या नावावर टाकलेला आहे. दरडोईसाठी भागायची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेवरून पुढं ताणलेली. आणि मुख्य म्हणजे उत्पन्न जिथं निर्माण झालं तिथं धरतात. बीड, धाराशिवचे कोयते कोल्हापूर-सांगलीच्या फडात ऊस तोडतात, तर ती मूल्यवाढ त्या जिल्ह्यांच्या खात्यात जाते. मजुरी, किंवा मुकादमाकडून घेतलेली उचल, बीडमध्ये खर्च होते. बीडच्या दरडोई उत्पन्नावरून बीडच्या माणसाची कमाई सांगता येत नाही; बीडच्या मातीत काय पिकलं आणि काय विकलं, तेवढं सांगता येतं.

जीडीपीची आणखी एक खोड मराठवाड्याला पाठ असायला हवी. घरच्या आडातून पाणी शेंदलं तर बाजारात काहीच घडत नाही. आड आटला आणि टँकर विकत घेतला, की डिझेल, चालक, मालकाचा नफा, सगळं उत्पादनात जमा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, ती वाहतूकही सेवा म्हणून हिशेबात बसणारीच. तहान वाढली आणि आकडा घटला नाही, यात फसवणूक नाही. मोजमापच व्यवहाराचं आहे.

घराघराचं राहणीमान बघायचं तर उपभोग खर्च पाहणी. 2023-24 मध्ये देशभरात 2,61,953 घरं घेतली. दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात 4,122 रुपये, शहरी भागात 6,996. रेशनसारख्या फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत धरली तर तेच आकडे 4,247 आणि 7,078 होतात. दोन्ही संच छापलेत, म्हणून कुठला वापरला ते लिहावं. प्रश्नावली तीन भागांत, तीन वेगळ्या भेटींत: अन्न, नेहमीच्या वस्तू व सेवा, आणि टिकाऊ वस्तू. भाजी-तेल-अंडी सात दिवसांचं विचारतात, धान्य-डाळी तीस दिवसांचं, कपडे आणि टिकाऊ वस्तू वर्षभराचं. एकाच बैठकीत चारशे प्रश्न विचारले की माणूस कंटाळून 'तेवढंच समजा' म्हणतो. त्यावर हा चांगला उपाय आहे.

सरासरीवर मात्र थांबू नये. 2022-23 च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या तळच्या 5 टक्क्यांचा दरडोई खर्च 1,373 रुपये होता, वरच्या 5 टक्क्यांचा 10,501. दुसरं, ही पाहणी खर्च मोजते. तो कमाईतून झाला की सावकाराकडून, हे तिथं कळत नाही. दवाखान्याचं मोठं बिल भरलेलं घर त्या वर्षी 'सुधारलेलं' दिसू शकतं. तिसरी अडचण ऊसतोडीची. सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर असलेला माणूस घरातलाच धरतात, पण हंगामात घराला कुलूप असतं आणि मग यादीतलं दुसरं घर घ्यावं लागतं. डोंगरपट्ट्यातल्या गावात नोव्हेंबर ते मार्चमध्ये उरलेली घरं कुणाची असतात, हे वेगळं सांगायला नको.

जिल्हा पातळीवर कल्याण मोजणारा हाताशी असलेला आकडा म्हणजे नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक. आरोग्य, शिक्षण, राहणीमान या तीन बाजू आणि 12 निकष. एक तृतीयांश किंवा जास्त वजनाच्या वंचना असतील तर घर गरीब. माहिती राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची. मांडणी स्वच्छ आहे, जिल्हे शेजारी ठेवून बघता येतात. पाण्याच्या निकषापाशी मात्र थांबावं. त्या पाहणीत 'सुधारित' स्रोतांच्या यादीत नळ आणि कूपनलिकेबरोबर टँकरही आहे. पाणी अर्ध्या तासाच्या आत आणता येत असेल, तर टँकरवर जगणारं घर पाण्याच्या बाबतीत वंचित ठरत नाही. त्यात पाचव्या फेरीचं महाराष्ट्रातलं काम जून ते डिसेंबर 2019 या काळात झालं. मार्च-एप्रिल-मे त्यात नाहीत.

पाचपैकी गुण द्यायचे तर ग्राहक किंमत निर्देशांकाला देशासाठी साडेचार, मराठवाड्यासाठी अडीच. पणन मंडळाच्या भावांना चार. उपभोग पाहणीला चार. दारिद्र्य निर्देशांकाला साडेतीन, पाण्याचा निकष सोडून. जिल्हा उत्पन्नाला दोन, तेही शेतीच्या भागासाठी.

जानेवारी 2025 पासून राष्ट्रीय नमुना पाहण्यांत जिल्हा हाच मूळ स्तर धरून घरं निवडली जातात, त्यामुळं पुढं जिल्ह्याचे आकडे निघण्याची वाट मोकळी झालीय. ते आले की आधी तळटीप काढावी: नमुन्यात जिल्ह्यातली किती घरं होती आणि सापेक्ष प्रमाण त्रुटी (नमुना लहान असल्यानं आकडा किती इकडंतिकडं होऊ शकतो त्याचं माप) किती टक्के आहे. ती 25-30 च्या वर असेल, तर हिंगोली परभणीच्या पुढं गेली की मागं, याची बातमी छापू नये.