बाबाचं घोरणं आणि नवजात बाळ: व्हाइट नॉइज मशीन घ्यावं की अंथरूण हॉलमध्ये हलवावं?

घोरण्याने तान्हं बाळ जागं होतं, ही भीती निम्मीच खरी आहे. एका लयीत चाललेलं घोरणं पहिल्या काही आठवड्यांतली बहुतेक बाळं खपवून घेतात. अडचण होते ती लय मोडली की. घोरणं मध्येच थांबतं, काही सेकंद शांतता आणि मग एकदम खेचलेला श्वास. त्या आवाजाला बाळ दचकतं, दोन्ही हात फाकतात आणि पाठोपाठ रडं सुरू. नवजात बाळाची निम्मी झोप चळवळी, सावध असते आणि झोपेचं एक आवर्तन जेमतेम ५०-६० मिनिटांचं. त्या सांध्यावर असा आवाज आला की झोप मोडलीच म्हणून समजा.

व्हाइट नॉइज मशीन म्हणजे पंख्यासारखा एकसारखा आवाज करत राहणारं यंत्र. त्याचा फायदा सरळ आहे: सगळे एकाच खोलीत राहतात आणि मधली शांतता भरून निघते. पण ते पाळण्याला टांगू नका, किमान २ मीटर लांब ठेवा. रुग्णालयांतल्या नवजात कक्षांसाठी अमेरिकेत सुचवलेली मर्यादा ५० डेसिबलची आहे. घरीही पाळण्यात बाळाच्या डोक्याच्या जागी मोबाइल ठेवून आवाज मोजणाऱ्या ॲपवर तेवढंच धरावं. ॲपचा आकडा अंदाजापुरता असतो, तरी उपयोगी पडतो. टायमर लावू नका. अर्ध्या-पाऊण तासाने मशीन गप्प झालं की तोच बदल बाळाला उठवतो. मोबाइलवर आवाज लावणार असाल तर नोटिफिकेशन बंद ठेवा.

खरी मेख पुढे आहे. जोरात घोरणाऱ्याचा आवाज ६० डेसिबलच्या वर सहज जातो. तो झाकायचा तर मशीन ५० वर ठेवून भागत नाही, रोज थोडं थोडं वाढवावं लागतं. आणि घोरणं झाकलं जातं तशी बाळाची चुळबुळही झाकली जाते. भूक लागली की बाळ आधी मान वळवतं, मूठ तोंडाशी नेतं, चुकचुक करतं. रडणं सगळ्यात शेवटी येतं. आई त्या चुकचुकीलाच जागी झाली तर बाळ अर्धवट झोपेतच पिऊन परत झोपतं. मशीनच्या आवाजात ती चुकचुक ऐकू येत नाही, थेट टाहोच ऐकू येतो. मग चवताळलेलं बाळ धड छातीला लागत नाही, हवा गिळतं आणि ढेकर काढण्यातच बराच वेळ जातो. घोरणाऱ्याने हॉलमध्ये झोपावं, असा आमचा कल झाला तो एवढ्याच कारणाने.

हॉलमध्येही उणं आहेच. सगळी रात्र आईच्या गळ्यात पडते. म्हणून पाळी ठरवून घ्यावी: साधारण ९ ते १ आईची सलग झोप, त्या वेळात घोरणाऱ्याने खोलीत जागं राहून बाळ सांभाळायचं, काढून ठेवलेलं दूध पाजायचं, लंगोट बदलायचे. मग पाळणा आईजवळ ठेवून स्वतः हॉलमध्ये झोपायला जायचं. बाळाला घेऊन सोफ्यावर पेंगायचं मात्र अजिबात नाही, तिथे बाळ गुदमरण्याचा धोका फार मोठा असतो. डोळे मिटू लागले की बाळ पाळण्यात, पाठीवर.

वन आरकेत हॉल नसतो, हे मान्य. तिथे पाळणा एका टोकाला, मध्ये आई आणि घोरणारा पलीकडच्या भिंतीशी, डोकं पाळण्यापासून लांब करून. अंतर १ मीटरचं २ मीटर झालं तर मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने उतरतो, बंद खोलीत त्याहून कमी. पाठीशी जाड उशी लावून कुशीवर झोपणं, रात्री दारू टाळणं, नाक चोंदलं असेल तर सलाइनचे थेंब, एवढ्यानेही बऱ्याच जणांचं घोरणं नरमतं. त्याउपर उरलंच तर मशीन, मंद आवाजात.

श्वास अडून पुन्हा खेचला जात असेल आणि दिवसाही पेंग येत असेल, तर बाळाचं निमित्त बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. बाळंतिणीलाही हे होऊ शकतं, तेव्हा घोरणारा बाबाच असेल असं धरून चालू नका.