राजाच्या टवाळीचा उत्तम दप्तरखाना : ब्रिटिश म्युझियमचा ऑनलाइन संग्रह

एकोणिसाव्या शतकात इंग्रज चित्रकार आपल्याच राजाची किती आणि कशी खिल्ली उडवत असत, हे मूळ चित्रांतून पाहायचे असेल, तर ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावरील संग्रहाला तोड नाही. २०२० मध्ये नव्या रूपात आलेला हा संग्रह विनामूल्य आहे आणि त्यासाठी नावनोंदणीही करावी लागत नाही. परंतु त्याचे खरे मोल चित्रांच्या संख्येत नसून चित्राखालच्या मजकुरात आहे, असे माझे मत आहे.

व्यंगचित्रकार जॉर्ज क्रुकशँकचे १ मे १८१२ रोजीचे ‘प्रिन्स ऑफ व्हेल्स’ (युवराजाच्या ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या पदवीवर, व्हेल म्हणजे देवमासा असा श्लेष) हे चित्र पाहावे. वेडा ठरलेल्या तिसऱ्या जॉर्जच्या जागी कारभार पाहणारा युवराज येथे अवाढव्य देवमासा झाला आहे. त्याच्या डोक्यातून दोन कारंजी उडतात. एकातून सत्ताधाऱ्यांवर कृपेचे दव पडते, तर दुसऱ्यातून व्हिग या विरोधी पक्षातल्या जुन्या मित्रांवर विस्मरणाचे पेय. नजर मात्र जलपरी झालेल्या लेडी हर्टफर्ड या त्याच्या मर्जीतल्या सरदारपत्नीवर खिळलेली. पंतप्रधान पर्सिव्हल होडीत बसून या माशाला गळाला लावून आहे. (हे चित्र प्रसिद्ध झाल्यावर दहाच दिवसांत पर्सिव्हलचा खून झाला.) युवराजाने तरुणपणीचे मित्र वाऱ्यावर सोडले, हा संदर्भ ठाऊक नसेल तर आज हे चित्र म्हणजे नुसता मत्स्यबाजार वाटेल.

तो संदर्भ पुरवतात डॉरोथी जॉर्ज. म्युझियममधील व्यंगचित्रांची अकरा खंडांची जी सूची छापली गेली, तिचे शेवटचे सात खंड, म्हणजे १७७१ ते १८३२ या काळाचे, या विदुषीने सिद्ध केले, आणि त्यांतील वर्णने आता थेट चित्राच्या नोंदीत वाचता येतात. कोणती व्यक्ती कोण, फुग्यांतील वाक्ये कोणती, कोणत्या घटनेवर रोख आहे, हे सारे त्या सांगतात. त्यांची भाषा आटोपशीर आहे. इंग्लंडचा राजकीय इतिहास वाचकाला येतो असे त्या गृहीत धरतात, त्यामुळे नवख्याला काही नोंदी दोनदा वाचाव्या लागतील.

सुरुवात १८२० सालापासून करावी, असे मी सुचवेन. युवराज चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आला, पत्नी कॅरोलाइनशी असलेले नाते कायद्याने तोडण्याचा घाट त्याने घातला, आणि लंडनच्या छापखान्यांना ऊत आला. दरबार इतका हैराण झाला की राजाला अनैतिक प्रसंगात न रेखाटण्याच्या अटीवर क्रुकशँकला त्याच वर्षी शंभर पौंड देण्यात आले. तोंड बंद करण्याचा हा सौदा होता, आणि त्याचा मोबदला घेऊनही छापखान्यांचा एकूण मारा थांबला नाही, ही गोष्ट नोंदी क्रमाने चाळताना आपोआप लक्षात येते.

उणीव आहे ती १८३२ नंतरच्या काळाची. जॉर्जबाईंची सूची तेथे संपते, आणि व्हिक्टोरियाच्या काळात सुटी चित्रे मागे पडून व्यंगचित्र साप्ताहिकांत गेले. म्हणून पुढचा प्रवास अन्यत्र करावा लागतो. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचे अंक जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवले आहेत. १८७६ च्या एप्रिलमधील, ‘पंच’चा व्यंगचित्रकार टेनियल याचे चित्र तेथे जरूर पाहावे : अल्लाउद्दीनच्या गोष्टीतल्या फेरीवाल्याच्या वेशात पंतप्रधान डिझरायली हा बोहारणीसारखा राणीला जुन्या मुकुटाच्या बदल्यात हिंदुस्थानचा नवा मुकुट देऊ करत आहे. टोमणा आहे, पण तो डिझरायलीला. राणीच्या अंगाला हात लावलेला नाही. त्याआधी १८६७ मध्ये ‘टॉमहॉक’ या दुसऱ्या व्यंगसाप्ताहिकाने रिकाम्या सिंहासनाला टेकून उभा असलेला राणीचा नोकर जॉन ब्राउन दाखवला होता. तेवढी धार ‘पंच’मध्ये क्वचितच दिसते.

म्युझियमची चित्रे अभ्यासासाठी मोकळी असली तरी परवाना अव्यावसायिक वापरापुरताच आहे. दिवाळी अंकात छापायची असतील तर रीतसर परवानगी घ्यावी लागेल. ज्यांना ते नको, त्यांनी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ब्रिटिश व्यंगचित्रांचा संग्रह पाहावा. त्यातील बहुतांश चित्रे १९२१ मध्ये विंडसरच्या राजवाड्यातूनच तेथे गेली, आणि राजघराण्याने विकत घेऊन ठेवलेली आपलीच टवाळी मोठ्या आकारात उतरवून घेता येते.