टिपमन ९८ की एमेक? आधी टाकीतलं प्रेशर बघा

पेंटबॉल गन घेताना बहुतेक जण विचारतात, लांब कुठली मारते? दोन्ही गन क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) २८० फूट प्रति सेकंदाला लावा, ०.६८ इंचाची तीच गोळी दोन्हींतून सारखीच लांब जाईल. ऑपरेटिंग प्रेशर, म्हणजे गन आत ज्या प्रेशरवर चालते ते, कमी म्हणजे नेम चांगला, हाही गैरसमजच. प्रेशरचा फरक दिसतो तो गोळीला बसणाऱ्या धक्क्यात आणि टाकी संपत आल्यावर.

टिपमन ९८ कस्टम ही साधी ब्लोबॅक गन. बॉडी ॲल्युमिनियमची, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) आणि हाय प्रेशर एअर (दाबून भरलेली हवा) दोन्ही चालतं, आणि टाकीतून येणारं ८०० ते ८५० पीएसआय (प्रेशर मोजायचं एकक) थेट व्हॉल्व्हला मिळतं. त्यातली थोडी हवा गोळी ढकलते, थोडी मागच्या बोल्टला मागे रेटून गन पुन्हा कॉक करते. प्रेशर पडलं की हा बोल्ट सिअरमध्ये (बोल्ट धरून ठेवणारी खीळ) अडकण्याइतका मागे जात नाही, आणि ट्रिगर एकदाच दाबूनही गन तडतडत सुटते. असं झालं तर पहिल्यांदा टाकी बदला. भरलेल्या टाकीवरही तेच होत असेल तर मागच्या बोल्टची ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) झिजलीय का बघा, मग सिअर. वेगाचा स्क्रू डाव्या बाजूला आहे: आत फिरवला की वेग कमी, बाहेर काढला की जास्त. टाकी बदलली की क्रोनोग्राफ पुन्हा लावायचाच, यात सूट नाही.

प्लॅनेट एक्लिप्सची एमेक वेगळ्या जातीची आहे. आतला रेग्युलेटर प्रेशर १३५ पीएसआयच्या आसपास उतरवतो आणि स्पूल बोल्ट (स्वतःच व्हॉल्व्हचं काम करणारा सरकता बोल्ट) जास्त हवा हळुवारपणे सोडतो. पातळ कवचाच्या महाग गोळ्या हिच्यात सहसा फुटत नाहीत. टिपमनला जाड कवचाच्या गोळ्या मानवतात. शिवाय ३००० पीएसआयच्या टाकीत ८०० उरले की टिपमनचा वेग घसरू लागतो, म्हणजे पाव टाकीहून जास्त हवा वायाच. एमेक त्याच्या बऱ्याच खाली एकसारखी चालते. मात्र हिला फक्त एअर, सीओटू अजिबात नाही. ओ-रिंगना तेलाऐवजी ग्रीस लागतं. टिपमनला उलट, टाकी लावायच्या जागेत तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात.

सीओटूचा खरा घोळ तापमानाचा. २० अंशांना टाकीत साधारण ८३० पीएसआय असतं, शून्य अंशाला ५०० च्या आसपास. भराभर गोळ्या मारल्या की टाकी गार पडते आणि गोळ्या अलीकडेच पडू लागतात. ३१ अंशांच्या वर सीओटू द्रव राहतच नाही, प्रेशर चढत जातं. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हातल्या गाडीत भरलेली टाकी ठेवली तर बर्स्ट डिस्क (प्रेशर फार वाढलं की फुटणारी सुरक्षा चकती) उडण्याचा धोका आहे.

म्हणून जवळपास एअर भरून मिळत असेल आणि गन स्वतःपुरतीच हवी असेल तर आम्ही निःसंकोच एमेक सुचवू. रिसॉर्टवर भाड्याने द्यायची, दिवसभर वेगवेगळ्या हातांत जायची असेल तर टिपमनच: उघडायला ॲलन की पुरते, आणि भाग साधे व दणकट आहेत.

कोकणात पावसाळ्यात खेळणार असाल तर गोळ्यांची पिशवी घट्ट बंद ठेवा. जिलेटिनचं कवच दमट हवेत फुगतं, आणि फुगलेली गोळी १३५ पीएसआयवरही बॅरलमध्ये फुटते.