सायकलवर न्यायचा फिल्म कॅमेरा: नागपूरच्या पहाटेला कोणता पुरतो?

आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपात नव्यानं आलेल्या एका पोरानं फुटाळा तलावावर चहा घेताना विचारलं, "दादा, फिल्म कॅमेरा घ्यायचा आहे. सायकलवर नेता येईल असा, पण फार महाग नको." त्याच्या मोबाइलमध्ये चार-पाच कॅमेऱ्यांचे फोटो होते. एक नवाकोरा प्लास्टिकचा, बाकीचे जुने. मी त्याला उलट विचारलं, "तू घरून किती वाजता निघतोस?"

नागपूरच्या माणसानं कॅमेरा निवडताना हा प्रश्न आधी सोडवावा. मे महिन्यात इथं साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि आठला रस्ता तापायला लागतो. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या गावात दुपारी कोणी हौसेनं सायकल काढत नाही. आम्ही पाचला निघतो, गोरेवाडा किंवा कोराडीपर्यंत जातो आणि साडेआठच्या आत घरी परततो. हिवाळ्यात सूर्य पावणेसातच्या पुढे उगवतो आणि अंबाझरी तलावावर धुकं असतं. म्हणजे आपले बहुतेक फोटो सूर्योदयाच्या आगेमागे तासाभरात निघतात. भर उन्हात कोणताही कॅमेरा निभावून नेतो. खरी परीक्षा पहाटेच्या उजेडाची आहे, आणि बाजारातले स्वस्त कॅमेरे नेमके तिथंच एकमेकांपासून वेगळे पडतात.

सुरुवात सगळ्यात स्वस्त नव्या कॅमेऱ्यापासून करू. कोडॅक एक्टार एच३५ हा २०२२ मध्ये आलेला हाफ फ्रेम कॅमेरा, म्हणजे नेहमीच्या एका फोटोच्या जागेत दोन फोटो काढणारा. कोडॅकचं नाव परवान्यावर घेतलेलं आहे, बनवणारी कंपनी रेटो. वजन जेमतेम १०० ग्रॅम. जर्सीच्या मागच्या खिशात टाकला तर आहे की नाही हेही कळत नाही. ३६ च्या रोलवर साधारण ७२ फोटो निघतात, आणि खर्चाच्या दृष्टीनं हीच त्याची मोठी बाजू आहे. गेल्या खेपेला एक रंगीत रोल, तो धुणं आणि स्कॅनिंग मिळून मला दीड हजाराच्या आसपास पडले. पूर्ण फ्रेमला हा हिशेब फोटोमागे चाळीसएक रुपयांवर जातो, हाफ फ्रेमला वीस-एकवीसवर येतो. काही लॅब हाफ फ्रेमच्या स्कॅनिंगचे वेगळे पैसे लावतात, ते मात्र रोल पाठवायच्या आधी विचारून घ्यावं.

अडचण उजेडाची आहे. या कॅमेऱ्याचं अॅपर्चर (उजेड आत घेणारं भोक; आकडा लहान तितकं भोक मोठं) एफ/९.५ आणि शटर १/१०० सेकंद, दोन्ही कायमचे ठरलेले. फोटोग्राफीतला जुना नियम सांगतो की लख्ख उन्हात २०० च्या रोलला (हा आकडा जितका मोठा तितका रोल कमी उजेडात चालतो) एफ/१६ आणि १/२०० पुरतं. त्या मापानं एच३५ भर उन्हात अडीचएक स्टॉप जास्त उजेड आत घेतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). रंगीत निगेटिव्ह तेवढा जास्तीचा उजेड सहज पचवते, म्हणून दुपारचे फोटो झकास येतात. सूर्य उगवून अर्धा-पाऊण तास झाला की ४०० चा रोल अजून सांभाळून घेतो. पण सूर्य वर यायच्या आधी, तळ्याकाठी आकाश नुकतं फटफटायला लागतं तेव्हा, या कॅमेऱ्याच्या हातात काहीच नसतं. फ्लॅश आहे, पण तो दोन-तीन मीटरवरच्या सायकलस्वाराला उजळेल, तळ्याला नाही. माझ्या एका मित्रानं वर्षभर हा वापरला. त्याचे नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले, आठनंतरचे फोटो मला फार आवडतात. उन्हाळ्यातल्या पहाटेचे जवळपास सगळे करडे आणि दाणेदार आले.

आणखी एक गोष्ट आहे. ७२ फोटो संपायला वेळ लागतो. फक्त रविवारी कॅमेरा काढणाऱ्याचा रोल दोन-दोन महिने आतच राहतो, आणि नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये दोन महिने म्हणजे फिल्मचे हाल. मी स्वतः एकदा अर्धा वापरलेला रोल कॅमेऱ्यासकट स्कूटरच्या डिकीत दिवसभर विसरलो होतो. रंग फिके झाले आणि सावल्यांवर धूसर पडदा चढला. ते फोटो रामटेकचे होते, गडमंदिराच्या वाटेवरचे. तशी पहाट पुन्हा मिळाली नाही, आणि ते मला आजही लागतं.

आता ऑलिंपस ट्रिप ३५. १९६७ ते १९८४ इतकी वर्षं हा बनत होता, त्यामुळे जुन्या बाजारात अजून मिळतो. ४० एमएमची एफ/२.८ लेन्स आहे आणि ती खरोखर धारदार आहे. लेन्सभोवती मधमाशीच्या पोळ्यासारखी दिसणारी सेलेनियमची काच उजेडातूनच तो मोजणारं मीटर चालवते, सेल लागतच नाही. सायकलवाल्याला याचं मोल कळतं. कॅमेरा तीन महिने कपाटात राहिला, तरी काढला की चालू. फोकस चार चित्रांवर ठेवायचा: जवळचा चेहरा, दोन माणसं, घोळका, डोंगर. शटरचे वेग दोनच आहेत, १/४० आणि १/२००, आणि कॅमेरा त्यातला एक स्वतः निवडतो. उजेड कमी पडला तर व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर येते आणि शटर दबतच नाही.

ही लाल पट्टी मला या कॅमेऱ्यातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट वाटते. एच३५ अंधारातही मुकाट्यानं फोटो काढतो आणि आपल्याला पैसे लॅबला दिल्यावर कळतं. ट्रिप तिथल्या तिथं सांगतो की आता नको. ४०० चा रोल असेल तर सूर्य उगवल्यावर ही पट्टी क्वचितच दिसते. त्याआधीही हवाच असेल तर अॅपर्चरची कडी 'ए'वरून, म्हणजे ऑटोवरून, काढून २.८ वर आणायची. मग शटर १/४० वर चालतं आणि पट्टी आडवी येत नाही. फक्त १/४० ला हात हलता कामा नये. सायकल थांबवून एक पाय जमिनीवर टेकवा, कोपर छातीला लावा आणि मगच बटण दाबा.

उणं काय? वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. जर्सीच्या खिशात तो झोके घेतो, म्हणून छोट्या पट्ट्याच्या पाऊचमध्ये पाठीवर घट्ट बांधावा लागतो. दुसरं, सेलेनियमची काच वय झालं की मंदावते. आज बाजारात येणारा प्रत्येक ट्रिप चाळिशी ओलांडलेला आहे, तेव्हा तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नये. तपासणी सोपी आहे. कडी 'ए'वर ठेवून लेन्स तळहातानं पूर्ण झाका आणि बटण दाबा. लाल पट्टी आली पाहिजे. मग हात काढून खिडकीकडे धरा, शटर सुटलं पाहिजे. दोन्ही झालं तर काचेत जीव आहे.

ऑलिंपस एक्सए२ बद्दल मी थोडा जास्त लिहिणार आहे, कारण गेली काही वर्षं माझ्या खिशात तोच असतो. १९७९ मध्ये योशिहिसा मायतानी यांनी घडवलेला एक्सए आला आणि वर्षभरात त्याचा हा साधा भाऊ. मूळ एक्सएमध्ये रेंजफाइंडर (अंतर जुळवून नेमका फोकस करायची सोय) आहे, एफ/२.८ ची लेन्स आहे आणि भावही बराच जास्त आहे. एक्सए२ ला ३५ एमएमची एफ/३.५ लेन्स, फोकसचे तीनच झोन (अंतराचे टप्पे), आणि अॅपर्चर-शटर दोन्ही कॅमेऱ्याच्या हाती. पुढचं झाकण बाजूला सरकवलं की कॅमेरा तयार, बंद केलं की लेन्स झाकली जाते, बटण कुलूपबंद होतं आणि फोकस आपोआप मधल्या झोनवर परत येतो. धावत्या सायकलवरून उतरलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काही नको असतं. वजन २०० ग्रॅम. कव्हर लागत नाही, लेन्सची कॅप हरवत नाही, एका हातानं काम होतं.

पहाटेला तो कुठं उजवा ठरतो? त्याचं शटर दोन सेकंदांपर्यंत खाली जातं. उजेड कमी असला तरी फोटो निघतो. वेग फार खाली गेला की व्ह्यूफाइंडरमध्ये हिरवा दिवा लागतो, म्हणजे कॅमेरा कशावर तरी टेकवायचा. मी सायकलच्या सीटवर टेकवतो, तळ्याकाठी कठड्यावर ठेवतो. गोरेवाड्याच्या अलीकडे धुक्यात उभ्या असलेल्या म्हशींचा माझा सगळ्यात आवडता फोटो असाच निघाला आहे, सूर्योदयाच्या वीस मिनिटं आधी. ट्रिपनं 'ए'वर तिथं लाल पट्टी दाखवली असती. एच३५ नं काळपट चौकोन दिला असता.

एक्सए२ ची कमजोरी सेल. एलआर४४ चे दोन बटण सेल लागतात आणि ते नसतील तर कॅमेरा निव्वळ डबी. पण हे सेल सीताबर्डीत घड्याळाच्या कोणत्याही दुकानात मिळतात. सॅडलखालच्या पाऊचमध्ये पंक्चर किटशेजारी मी एक जोडी ठेवून देतो. मोठी भीती वेगळी आहे: आतला इलेक्ट्रॉनिक भाग गेला तर दुरुस्त करणारा शोधावा लागतो. सदरमध्ये एका जुन्या कारागिराला मी माझा दाखवला होता. त्यांनी उघडून पाहिला, परत बंद केला आणि म्हणाले, "भाऊ, ट्रिप असता तं मी उभ्या उभ्या करून देल्ला असता. याच्यात हात घालाले मन होत नाही." त्यांचं म्हणणं मी मनात ठेवून आहे. दुरुस्तीच्या बाबतीत ट्रिप जिंकतो, यात वाद नाही.

निकॉन एफएम१० बद्दल खूपजण विचारतात. कोसिनानं निकॉनसाठी बनवलेला हा एसएलआर, म्हणजे लेन्समधूनच पाहायचा कॅमेरा, फोटोग्राफी शिकणाऱ्या अनेकांच्या हातात होता, त्यामुळे सेकंडहँड मिळत राहतो. शटर पूर्ण यांत्रिक, १/२००० पर्यंत. सेल फक्त मीटरला लागतात. लेन्स बदलता येते आणि एफ/१.८ ची पन्नास एमएम लावली तर उजेडाच्या बाबतीत या यादीत त्याच्या पुढे कोणी नाही. शिकायचं असेल तर हाच घ्या. पण नुसती बॉडीच सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास, वर लेन्स. पन्नास किलोमीटर पाठीवर घेतला की खांदा सांगतो. हँडलबारच्या पिशवीत ठेवला तर आपल्या सिमेंट रस्त्यांचा प्रत्येक सांधा त्याला बसतो, आणि तासन्‌तास बसणाऱ्या हादऱ्यांनी स्क्रू ढिले होतात. हे ट्रिपलाही लागू आहे. कॅमेरा अंगावर बांधावा, सायकलवर नाही. आपले हात-पाय-पाठ निम्मे धक्के गिळतात. मला विचाराल तर एफएम१० मोटरसायकलवाल्याचा किंवा थांबत थांबत जाणाऱ्याचा कॅमेरा आहे.

राहिला घरातला. नव्वदच्या दशकात लग्न झालेल्या कितीतरी जोडप्यांच्या कपाटात याशिका एमएफ-२ किंवा कोडॅक केबी१० पडलेला असतो. फुकट आहे, म्हणून आधी तो शोधा. सेलच्या कप्प्यात हिरवा-पांढरा थर जमला असेल तर लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसानं पुसून वाळवा. फोकस ठरलेला असल्यानं फार जवळचं धूसर येणार हे धरून चाला. उजेडाच्या बाबतीत याशिका एच३५ पेक्षा बरा, एक्सए२ पेक्षा खाली.

ऑलिंपस म्यूचं नाव कोणी सुचवेल. सुंदर कॅमेरा आहे, पण भाव आता 'परवडणारा' या शब्दाच्या पलीकडे गेलाय, आणि बिघडला की सहसा संपला. पेंटॅक्स १७ हा २०२४ चा नवा हाफ फ्रेम मला मनापासून आवडला, पण तो त्याहून महाग. डिस्पोजेबल कॅमेऱ्यात पैसे घालू नका. २७ फोटोंनंतर हातात काहीच उरत नाही.

जुना कॅमेरा घेताना मागचं दार उघडून फटीतला काळा फोम बोटानं दाबून पाहा. चिकट डांबरासारखा झाला असेल तर उजेड आत झिरपतो. फोम बदलता येतो, पण मग भाव कमी करून मागा. मोबाइलचा टॉर्च मागून लेन्समध्ये मारा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी आहे, आणि आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये ती वाढत जाते. तो कॅमेरा सोडून द्या. चांगला मिळाला तर पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा, आणि राइडला नेताना झिपवाल्या पिशवीत. पावसापेक्षा पाठीवरच्या घामानं जास्त कॅमेरे खराब होतात.

खर्च आणखी उतरवायचा असेल तर कृष्णधवल रोल घेऊन घरी धुवा. केंटमियर ४०० सारखा रोल आणि डी-७६ हा डेव्हलपर (फिल्म धुण्याचं रसायन) पुरतो. मात्र डी-७६ च्या वेळा बहुधा २० अंश तापमानाच्या धरतात, आणि मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हाताला चटका देतं. बर्फाच्या टबात बाटल्या ठेवून तापमान आणावं लागतं. मी हे काम डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवतो. उन्हाळ्यातले रोल फ्रिजमध्ये, भाज्यांच्या खणात, हवाबंद डब्यात थांबतात. वहिनींना सांगून ठेवलंय.

त्या पोराला मी शेवटी म्हटलं, तू पाचला निघतोस, तर चांगला चालता एक्सए२ मिळेपर्यंत थांब. मध्ये सेल-बिलची कटकट नको असली आणि सूर्य उगवल्यावरच फोटो काढणार असशील, तर ट्रिप. तोवर महालात तुझ्या आत्याकडे याशिका आहे म्हणालास ना, तो घेऊन ये. ४०० चा रोल मी देतो. पुढच्या रविवारी रामटेक आहे. मनसरला वळायच्या आधी उजाडेल, तिथं थांबू. एक फोटो अंधारात, एक फटफटताना, एक सूर्य वर आल्यावर काढ, आणि प्रत्येकाची वेळ वहीत लिहून ठेव.