वीतभराचा फरक: अमेरिकन ५६० एसएल की युरोपियन ५०० एसएल?

मर्सिडीजची १०७, म्हणजे छत उघडणारी जुनी दोन आसनी एसएल घ्यायची, आणि तीही शेवटच्या वर्षांतली व्ही-८ (आठ सिलिंडरवाली), असं एकदा पक्कं झालं की जर्मनीत राहणाऱ्या माणसासमोर प्रामुख्याने दोन प्रकारच्या जाहिराती उरतात. एक ५६० एसएल, अमेरिकेहून परत आणलेली, ‘गंज अजिबात नाही’ असं ठळक लिहिलेली. दुसरी ५०० एसएल, इथेच वाढलेली, पत्र्याबद्दल जाहिरातीत फारसं न बोलणारी आणि तरीही महाग. सहा सिलिंडरवाल्या ३०० एसएलचे चाहते नाराज होतील, पण तिच्याबद्दल मला अनुभवाने काही सांगता येणार नाही.

मी आधी ५६० घेतली, दोन वर्षं वापरली, विकली. आता चौथं वर्ष ५०० चालवतोय. माझा कल कुठे आहे ते यावरून कळलंच असेल. पण ५६० ला नावं ठेवायला बसलेलो नाही. काही बाबतींत ती आजही सरस वाटते, आणि तसं घरात बोलूनही दाखवतो. त्यावर घरातून काय उत्तर येतं ते पुढे येईलच.

आधी थोडी वंशावळ. दोन्ही गाड्या मर्सिडीजच्या जर्मनीतल्या झिंडेलफिंगन कारखान्याच्याच. पण ५६० जर्मनीत कधी विकलीच गेली नाही. ती १९८५ ते १९८९ या काळात अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलियासाठी बनली. त्याआधी अमेरिकन गिऱ्हाइकाला मिळत होती ३८० एसएल, तीही प्रदूषणाच्या नियमांपायी १५५ हॉर्सपॉवरवर आणलेली, आणि त्याच वेळी युरोपात ५०० मिळत होती. पैसेवाले अमेरिकन ऐकतात थोडेच! त्यांनी खाजगीरीत्या ५०० मागवायला सुरुवात केली. त्यांना अधिकृत दुकानात परत आणायला ५६० आली. तिच्या ४९,३४७ गाड्या निघाल्या, ५०० च्या जेमतेम ११,८१२. म्हणजे इथे जन्मून थेट सासरी गेलेली मुलगी आता पस्तीस-चाळीस वर्षांनी माहेरी येतेय, अंगावर सासरचे सगळे दागिने घालून. त्या दागिन्यांचंच पुढे सगळं रामायण झालं.

इंजिनाबद्दल फार लिहीत नाही. साडेपाच लिटरच्या ५६० ला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट (धुरातलं प्रदूषण कमी करणारा भाग) २३० हॉर्सपॉवर आणि पाच लिटरच्या ५०० ला कन्व्हर्टर नसेल तर १९८५ नंतर २४५, हे आकडे तुम्हाला पाठ असतील. इथली कन्व्हर्टरवाली ५०० मात्र २२३ चीच आहे, जाहिरातीत ते बघून घ्या. मी स्टॉपवॉच लावून काही मोजलेलं नाही. माझी कसोटी एकच: स्टुटगार्टहून उल्मकडे जाताना महामार्ग श्वेबिश आल्बच्या डोंगरावर चढतो, तो घाट. ५६० तिथे म्हशीसारखी शांतपणे चढायची. इंजिन अंगावर काही घेतंय असं वाटायचंच नाही. ५०० त्याच चढावर जरा आवाज करते आणि पाय दाबला की पुढे झेपावते. मला दुसरं आवडतं. बायकोला पहिलं आवडायचं. हा स्वभावाचा प्रश्न आहे.

पत्र्याच्या बाबतीत मात्र ५६० ला शंभर गुण. माझी ॲरिझोनाची होती. खालून बघितली तर कारखान्याचा रंग जसाच्या तसा. उन्हाने डॅशबोर्डला मधोमध तडा गेलेला आणि सीटचं कातडं पापडासारखं झालेलं, पण हे सगळं डोळ्यांना दिसतं, किंमत करता येते. ५०० चं दुखणं लपलेलं असतं. इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, आणि १०७ ची नाजूक जागा म्हणजे काचेच्या खाली, हीटरच्या पंख्यापाशी जिथे पाणी साचतं तो पत्रा. तो सडला तर डॅशबोर्ड अख्खा बाहेर काढल्याशिवाय हात पोचत नाही. ही ५०० बघायला गेलो तेव्हा विकणारा गृहस्थ क्रोम दाखवत होता आणि मी पायाखालचा गालिचा उचलून खाली बोटं घालून बघत होतो. बोटांना ओल लागली. नाकाशी नेली तर आषाढातल्या कपाटाचा वास. किंमत तिथल्या तिथे उतरली खरी, पण पुढे पत्राकामाला जे गेले त्यात आम्हा चौघांची पुण्याची तिकिटं येऊन वर आंबे आले असते. तेव्हा ५०० घेणार असाल तर क्रोमकडे नंतर बघा, आधी गालिचा उचला.

शिवाय ५६० ला एअरबॅग, एबीएस, एसी हे सगळं मूळचंच. इथल्या ५०० ला एअरबॅग आणि एसी, पहिल्या मालकाने पैसे मोजून घेतलं असेल तर. माझ्या गाडीत एसी नाही. छत उघडी गाडी, एसी कशाला, असं मीच म्हणायचो. जुलैत स्टुटगार्टच्या खळग्यात सिग्नलला उभं राहून बघा एकदा.

इतकं सगळं ५६० च्या बाजूने असताना ती विकली का? बंपरमुळे.

अमेरिकेत १९७४ च्या गाड्यांपासून नियम आला, की ताशी पाच मैलांच्या वेगाने पुढून वा मागून धडक बसली तरी दिवे-बिवे शाबूत राहिले पाहिजेत. त्यासाठी बंपर शरीरापासून लांब, दांड्यांवर पुढे आणलेले. १९८२ मध्ये तो नियम अडीच मैलांवर उतरला, पण एसएलचे बंपर १९८९ पर्यंत तसेच राहिले. दिसायला कसे, हा वाद मी घालत नाही; बाल्कनी म्हणणारे आहेत, भारदस्त म्हणणारेही आहेत. माझा प्रश्न लांबीचा होता. कागदावर युरोपियन गाडी ४,३९० मिलिमीटर आणि अमेरिकन ४,५८०. म्हणजे १९ सेंटीमीटर, माझी जवळजवळ एक वीत.

वीतभराने काय होतं? माझं गॅरेज भाड्याचं, साठच्या दशकात बांधलेल्या रांगेतलं, आतून पाच मीटरच्या किंचित वर. आणि १०७ बरोबर एक हार्डटॉप, म्हणजे काढता येणारं टणक छत येतं, त्याला आमच्या घरी ‘टोपी’ म्हणतात. माझी नंबरप्लेट हंगामी, एप्रिल ते ऑक्टोबरची; तेवढेच महिने गाडी रस्त्यावर. एप्रिलमध्ये टोपी काढायची आणि चाकांच्या स्टँडवर उभी करून ठेवायची. ५६० आत घेऊन, मागे गॅरेजचं दार लावून मी जमिनीवर बसून मोजलं: नाक आणि भिंत यांच्यात दोन विती. स्टँडला हव्या तीन. बाजूला ठेवू म्हटलं, तर १०७ चे दरवाजे लांबलचक, उतरायचं कसं? छताला कप्पी लावून टांगू म्हटलं, तर घरमालक छताला भोक पाडू देईना. मग उरलं तळघर. चौदा पायऱ्या, मधे एक वळण.

टोपी एकट्याने उचलत नाही. पहिल्या वर्षी शेजाऱ्यांचा मुलगा मदतीला होता, तो शिकायला बर्लिनला गेला. दुसऱ्या वर्षी दुसरं टोक बायकोने धरलं. वळणावर तिची पाठ भिंतीला, माझा अंगठा कठड्यात आणि मागची काच दोघांच्या मधे. खाली पोचल्यावर तिने हात झटकले आणि म्हणाली, “गाडी तुझी, टोपीही तुझीच. यापुढे मला हाक मारायची नाही.” दोष गाडीचा नाही, माझ्या गॅरेजचा आहे, हे मला मान्य आहे. पण गॅरेज बदलण्यापेक्षा गाडी बदलणं मला सोपं गेलं. ५०० च्या नाकापुढे टोपी बसते, अगदी श्वास रोखून, पण बसते.

युरोपियन बंपर बसवून घ्यावेत, हा सल्ला तुम्हालाही मिळेल. तो वाईट नाही. तशा गाड्या मी पाहिल्यात, देखण्या दिसतात. पण बंपर, त्यांचे ब्रॅकेट, मग हात लावलाच आहे तर पुढचे दिवेही, असं करत हिशेब काही हजार युरोंवर जातो. आणि दिवे बदलावेसे वाटतातच. अमेरिकन गाडीचे चार गोल सीलबंद दिवे गावाबाहेरच्या अंधाऱ्या रस्त्यावर मला कंदिलासारखे वाटायचे, माझी दृष्टीही आता पंचविशीची नाही. एवढं सगळं करून जी गाडी हातात येते ती ना धड सासरची ना माहेरची, असं आपलं माझं मत. तुम्हाला तसं वाटत नसेल तर हा मार्ग खुशाल घ्या.

बाकी फुटकळ. आयात गाडीच्या मीटरवरचा आकडा मैलांत असतो; ९०,००० वाचून हुरळू नका, ते १,४५,००० किलोमीटर झाले. तीस वर्षं उलटल्याने दोन्हींना जर्मनीतली ‘एच’ (ऐतिहासिक गाड्यांची) नंबरप्लेट मिळू शकते, वर्षाचा कर सारखाच, १९१ युरो. या प्लेटमुळे कन्व्हर्टर नसलेली ५०० शहरांतल्या प्रदूषण-निर्बंधाच्या भागात चालेल का, हीही काळजी नको.

न्यू जर्सी, टेक्सासकडची आपली मंडळी विचारतात, त्यांना मी वेगळं सांगतो. तुमच्या गॅरेजात अशी दीड गाडी राहते. तुम्ही ५६० घ्या आणि सुखी राहा. ५०० चा मोह आवरत नसेल, तर पंचवीस वर्षांपेक्षा जुनी असल्याने आता नव्याने मागवता येते. ऐंशीच्या दशकात खाजगी मार्गाने आलेली घेतलीत, तर तेव्हा अमेरिकन नियमांसाठी तिच्यात कुठे काय जोडलं-कापलं त्याचे कागद मागा. ते काम काहींनी नीट केलं, काहींनी उरकलं.

माझी ५६० न्यायला दक्षिण जर्मनीतल्या आल्गॉयहून एक शेतकरी आला, ट्रेलर घेऊन. गाई विकल्यात, गोठा रिकामा आहे, म्हणाला. बंपरकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. टॉर्च तोंडात धरून डॅशबोर्डखाली घुसला, बराच वेळ काही बोलला नाही, मग बाहेर येऊन पैसे मोजले. घासाघीस नाही. शेवटी विचारलं, “हार्डटॉप कुठाय?” मी तळघराचा दिवा लावला. वर आणताना वळणावरचं टोक त्याने धरलं.